डावा बॅक

॥ श्री ॥
हैदराबाद
ता. १२ जून १९५५

चि. सौ. शामला हिस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही उभयता खुशाल आहोत, तुमची खुशाली येत जावी.

गेल्या आठवड्यात गिरणीच्या मालकांनी मला बोलावून घेतलं आणि फुटबॉलचा संघ माझ्या हाती दिला. चौदा वर्षं या संघाकडून खेळलो, आता खेळवायचं आहे. आमचे जुने उस्ताद देवमाणूस होते. हरून आलेल्या पोरांच्या पाठीवरून हात फिरवायचे, बेटा अगली बार म्हणायचे आणि सगळ्यांना जेवू घालायचे. ती अगली बार तीन वर्षं आली नाही. संघ तिन्ही वर्षं तळाला राहिला.

मला डावा बॅक हवा आहे. मागल्या दिवाळीत तुझ्या अंबादासला उमरग्याच्या शाळेमागं खेळताना पाहिलं. दोन्ही पायांनी सारखा मारतो आणि पळताना मान वर ठेवतो. हे शिकवून येत नाही. मॅट्रिक झाला म्हणून त्याचे वडील तात्या त्याला तहसिलीत चिकटवायच्या विचारात असतील. त्यापेक्षा इकडं धाडून दे. सकाळी गिरणीत हलकं काम, दुपारनंतर मैदान. खोली, दूध, बूट गिरणीचे. खेळ चांगला आहे तोवर नोकरी पक्की.

लहानपणी तू माझा चेंडू विहिरीत टाकलास, त्याबद्दल आता पोरगा दे, म्हणजे भांडण मिटलं. तात्यांना नमस्कार. तुझी माया आहेच, ती पत्रातूनही दिसत राहावी.

तुझा
विष्णुपंत

*

॥ श्री ॥
उमरगा
ता. २१ जून १९५५

तीर्थस्वरूप दादांचे सेवेशी शामलाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

चेंडू विहिरीत मी टाकला नव्हता. तुम्हीच मारलात आणि नाव माझं सांगितलंत, मार मला बसला. तरीही अंबादासला पाठवते आहे. यांना पटवायला चार दिवस लागले. मास्तर माणूस, म्हणतात खेळून कुणाचं पोट भरलंय. मी म्हटलं, दादांच्या हाताखाली राहील, परक्या ठिकाणी थोडाच चाललाय. शनिवारच्या मोटारीनं निघेल. सोबत धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आहे, चारुशीला वहिनींना आवडते ती.

एक गोष्ट लिहू की नको असं चाललं होतं. तुम्ही मामा आहात म्हणून लिहिते. अंबादास बारा वर्षांचा होईपर्यंत अंथरूण ओलं करायचा. मग थांबलं. सोळाव्या वर्षी विषमज्वर झाला तेव्हा पुन्हा सुरू झालं, आणि परवा मॅट्रिकच्या परीक्षेत दोनदा झालं. कुणी आवाज चढवला की तो आतून हलतो. तिथं आठ-दहा जणांत निजायचं, म्हणून वळकटीच्या आत तळाला मेणकापड शिवून दिलंय. त्याला कोपऱ्यातली जागा द्या. रागवायचं झालं तर एकट्याला बाजूला घेऊन रागवा. बाकी पोरगा गुणी आहे, सांगितलेलं विसरत नाही.

हे पत्र वाचून फाडून टाका. वहिनींना नमस्कार. आम्हां सगळ्यांवर आजवर जशी छाया धरलीत तशीच त्याच्यावरही धरा, एवढंच मागणं.

तुमची
शामला

*

हैदराबाद
ता. २८ ऑगस्ट १९५५

तीर्थरूप सौ. आईस अंबादासचा शिरसाष्टांग नमस्कार. तीर्थरूप तात्यांनाही नमस्कार सांगावा.

मी मजेत आहे. सकाळी गिरणीत कापडाच्या गठ्ठ्यांवर शिक्के मारतो. दोन वाजता सुटतो, मग मैदान. पहिले पंधरा दिवस मामांनी चेंडूला पायच लावू दिला नाही, नुसतं पळवलं. आता चेंडू आला की दोन स्पर्शांत पुढं द्यायचा. तिसरा लागला की मामा शिट्टी मारतात आणि सगळ्या संघानं मैदानाला पाच फेऱ्या घ्यायच्या. ज्यानं चूक केली त्यानं मात्र पळायचं नाही. मध्ये उभं राहून इतरांचं पळणं बघायचं. त्यापेक्षा पळणं सोपं. पण खेळ सुधारलाय, हे कुणीही सांगेल.

आमचा गोली शंकरप्पा आपल्या मुरूम गावचा आहे. निम्मं कानडी, निम्मं मराठी बोलतो आणि मला तम्मा म्हणतो, म्हणजे धाकटा भाऊ. त्याची बायको नीलम्मा रविवारी मला जेवायला बोलावते, भाकरी अगदी आपल्याकडची. त्यामुळं जेवणाची काळजी करू नको.

परवा आम्ही हरलो. माझ्या पायातून चेंडू निसटला आणि त्यावरच गोल झाला. दुसऱ्या दिवशी मामांनी सगळ्यांना मैदानात बसवून थोडं वाचून दाखवलं. अशी गंमत इथं चालते. आई, मामांना पत्र लिहिशील तेव्हा माझ्याबद्दल फार लिहीत जाऊ नको. आणि ते मेणकापड परत पाठवता येणार नाही. ते मामांकडं आहे.

तात्यांच्या खोकल्याचं कळव. तुझा हात डोक्यावर आहे असं समजून राहतो.

तुझा
अंबादास

*

॥ श्री ॥
हैदराबाद
ता. ९ नोव्हेंबर १९५५

सौ. शामलावन्संना चारुशीलेचा नमस्कार. वि. वि. घरात हे नसताना लिहिते आहे. पत्राचं उत्तर नीलम्माच्या पत्त्यावर द्यावं. ती आमच्या मागच्या चाळीत राहते.

तुम्ही जूनमध्ये अंबादासबद्दल लिहिलेलं पत्र यांनी फाडलं नव्हतं. ऑगस्टात संघ हरला तेव्हा यांनी ते मैदानात सगळ्यांसमोर वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, चटणी, कोपऱ्यातली जागा, फाडून टाका म्हणालात तेही. सगळे हसले. मग त्याची वळकटी आणायला लावली, मेणकापडाची शिवण उसवली आणि ते गोलाच्या खांबाला बांधलं. ते अजून तिथंच आहे. रोज सरावाआधी अंबादासनं त्याला हात लावून यायचं, असा हुकूम आहे. सामन्यात चुकला तर त्या दिवशी ते गळ्यात घालून खोलीपर्यंत चालत जायचं. मला हे नीलम्माकडून कळलं. यांना विचारलं तर म्हणाले, संघ कुणाचा आहे, तुझा की माझा.

लिहायला लाज वाटते, पण हेही खरं आहे की तेव्हापासून संघ हरलेला नाही. मालक घरी पेढे पाठवतात. अंबादास जेवायला येतो, पानात वाढलेलं सगळं खातो आणि कुणाकडं बघत नाही. तुमच्या चटणीची बरणी त्यानं न उघडता मला परत दिली.

त्याला घेऊन जा. मला दोष द्यायचा तर द्या, पण मनातून काढून टाकू नका.

तुमची
चारुशीला

*

॥ श्री ॥
हैदराबाद
ता. ६ जानेवारी १९५६

चि. सौ. शामलास आशीर्वाद.

तुझं बिनमायन्याचं पत्र पोचलं. मोठ्या भावाला नमस्कार न लिहिता पत्र लिहिणारी आपल्या घरातली तू पहिलीच. तुला हे कुणी कळवलं तेही मला समजलं आहे. तिच्याशी मी बोललो आहे, ती आता लिहिणार नाही.

तू विचारलंस, मला लाज कशी वाटली नाही. मी तुला हिशेबानं सांगतो. मागल्या साली अकरा सामन्यांत नऊ हार. यंदा ते पत्र वाचल्यापासून एकही हार नाही. तुझा पोरगा सोडला तर खेळाडू तेच, बूट तेच, मैदान तेच. बदलला फक्त शिकवणारा. उस्ताद पोरांवर माया करायचे आणि पोरं त्यांच्यासमोर आरामात हरायची. आता एकाचं काय होतं ते दहा जण बघतात आणि आपल्यावर ते येऊ नये म्हणून पळतात. तो एक रागानं खेळतो. अंबादास किती चांगला खेळतो ते तू पाहिलंच नाहीस. चेंडू हिसकावून घेताना तो समोरच्याकडं माणूस म्हणून बघत नाही. परक्या पोराला असं केलं असतं तर त्याचे भाऊबंद काठ्या घेऊन आले असते. म्हणून घरचा घेतला.

शील्डचा अंतिम सामना फेब्रुवारीत आहे. मेणकापडाची धार आता गेली. त्याला हात लावून येताना तो हसतो. तेव्हा लहानपणचं आणखी काही आठवत असेल तर कळव. तो कशाला घाबरायचा, कुणाचा मार खाल्ला, तात्या त्याला काय बोलायचे. तू कळवणार नाहीस हे मी जाणतो. मग मला माझ्या मनानं काहीतरी रचावं लागेल, आणि रचलेलं जास्त लागतं.

तात्यांना नमस्कार. राग ओसरला की पूर्वीसारखं लिही.

तुझा
विष्णुपंत

*

हैदराबाद
ता. ४ मार्च १९५६

तीर्थरूप सौ. आईस अंबादासचा शिरसाष्टांग नमस्कार.

आम्ही शील्ड जिंकलं. दोन शून्य. वर्तमानपत्रात माझं नाव आलं आहे, कात्रण सोबत पाठवतो. मला गिरणीत कायम केलं.

तात्या मला न्यायला आले होते आणि न भेटता परत गेले, त्याबद्दल तू विचारशील. तो अंतिम सामन्याचा आदला दिवस होता. सकाळी मामांनी सगळ्यांसमोर तुझं दुसरं पत्र वाचलं. त्यात होतं की तात्यांना माझी लाज वाटते, चार माणसांत ते मला पोरगा म्हणून सांगत नाहीत, आणि विष्णुपंतांनी याला तिकडंच ठेवून घ्यावं. त्याच दुपारी तात्या फाटकाशी येऊन उभे राहिले. शंकरप्पा सांगायला आला, तम्मा तुझे वडील उन्हात उभे आहेत. मी म्हटलं उभे राहू दे. संध्याकाळच्या मोटारीपर्यंत ते तिथंच होते. मला मैदानातून त्यांची टोपी दिसत होती.

शील्ड घरी आणल्यावर मामांनी ते पत्र टेबलावर टाकलं. अक्षर त्यांचंच होतं. म्हणाले, काम झालं, आता हे फाड. मी फाडलं. मला रडू येईल असं वाटलं होतं, पण आलं नाही.

मला इतक्यात घरी यायचं नाही. तात्यांना काय सांगायचं ते तूच ठरव. तू माझ्यावर रागावू नको.

अंबादास

*

हैदराबाद
ता. १४ ऑक्टोबर १९५६

तीर्थरूप सौ. आईस शिरसाष्टांग नमस्कार.

सात महिन्यांनी लिहितो आहे. कालचा सामना आम्ही हरलो आणि शील्ड गेलं. ते मी घालवलं. हे तुला सोडून कुणाला सांगितलेलं नाही.

यंदा शील्ड लवकर भरवलं आणि आम्ही पुन्हा अंतिम सामन्याला पोचलो. जिंकलो असतो तर मालक मामांना गिरणीत मोठी जागा देणार होते. मला वर्षभर हाच दिवस हवा होता. एक एक अशी बरोबरी होती आणि शेवटची दोन-तीन मिनिटं राहिली होती. चेंडू माझ्याकडं आला. समोर कुणी नव्हतं. शंकरप्पानं हाक मारली, दे तम्मा, आणि चेंडू घ्यायला गोल सोडून पुढं आला. मी मान वर केली, मामांकडं बघितलं आणि चेंडू त्याच्या दुसऱ्या बाजूनं सावकाश आपल्याच गोलात सोडला. शंकरप्पा वळून पळाला, पडला, पण पोचला नाही. मामांचा चेहरा मी नीट पाहिला. तेवढ्यासाठी सगळं केलं होतं.

पण लोकांना वाटलं, गोली उगाच पुढं आला. वर्तमानपत्रातही तेच छापलं आहे, गोलरक्षकाची अक्षम्य चूक. गिरणीनं आज सकाळी शंकरप्पाला काढलं. चाळीतली खोली आठ दिवसांत सोडायची आहे. मामांनाही मालक बोलले, पण त्यांची जागा राहिली.

मी अजून काही बोललो नाही. बोललो तर माझीही नोकरी जाईल. तू काय ते सांग.

अंबादास

*

॥ श्री ॥
हैदराबाद
ता. ११ नोव्हेंबर १९५६

चि. सौ. शामलास आशीर्वाद.

तू उत्तर देत नाहीस तरी लिहितो, कारण तुझ्या पोराबद्दल चांगलं सांगायचं आहे. शेवटच्या सामन्यात त्यानं जे केलं ते त्यानं तुला कळवलं असेलच. त्याला वाटतं मला दिसलं नाही. मी चौदा वर्षं खेळलोय. घाईत चुकलेला पाय कसा पडतो आणि ठरवून टाकलेला कसा पडतो, हे मला कळतं.

मालकांना मी काही सांगितलं नाही. शंकरप्पाचं वय झालंच होतं, आज ना उद्या जायचाच होता. अंबादासला मात्र खोलीत बोलावून एवढंच सांगितलं, की मला ठाऊक आहे. तेव्हापासून त्याला काही वाचून दाखवावं लागत नाही. मेणकापड मी खांबावरून काढून टाकलं. सरावाच्या वेळी नुसता रिकाम्या गोलाकडं बघतो आणि मग त्याच्याकडं. एवढ्यानं तो दुप्पट पळतो. असा खेळाडू हाती लागायला उस्तादांना जन्म गेला असता.

तू आई म्हणून त्याला पंखाखाली ठेवलं असतंस तर आज तहसिलीत अर्ज लिहीत बसला असता. तात्यांना नमस्कार. बहीण म्हणून तुझी जागा माझ्या मनात आहे तिथंच आहे.

विष्णुपंत

*

॥ श्री ॥
उमरगा
ता. ५ डिसेंबर १९५६

चि. अंबादास यास आईचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा काय लिहावं ते सुचेना, म्हणून दीड महिना गेला. आता लिहिते. आपलं उमरगा गेल्या महिन्यात मुंबई राज्यात गेलं आणि हैदराबाद दुसऱ्या राज्यात राहिलं. यांच्या शाळेत झेंडावंदन झालं. मला त्यातलं एवढंच कळलं की तू आता परमुलखात आहेस.

शंकरप्पा आणि नीलम्मा दोन लेकरं घेऊन दिवाळीनंतर इथं आले. मुरूमला त्यांना भावांनी ठेवून घेतलं नाही. नीलम्मा तुझी आई म्हणून माझ्याकडं आली. मी त्यांना मागची खोली दिली, तुझी होती ती. आठ दिवस मी तिच्या हातची भाकरी खात होते आणि ती तुझी खुशाली विचारत होती. नवव्या दिवशी मी ताट बाजूला सारलं. मी दोघांना समोर बसवून तुझं पत्र वाचून दाखवलं.

नीलम्मा उठून आत गेली. शंकरप्पानं तिच्यामागं दार लोटलं. मग म्हणाला, अव्वा, मला त्याच दिवशी ठाऊक झालं होतं. चेंडू कुणीकडं चाललाय ते गोलीला पायावरून कळतं. मी म्हटलं मग बोलला का नाहीस. तर म्हणाला, तुमचं पत्र वाचलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो होतो. तम्मानं माझ्याकडं बघितलं होतं. एवढं बोलून तो बाजारात गेला. तिथं एका आडत दुकानात पोती उचलायचं काम त्याला मिळालंय. चाळिशीला आलेला माणूस आहे, कंबर धरून घरी येतो.

मी आज गिरणीच्या मालकांना खरं काय ते लिहून टपालात टाकलं आहे. तुझी नोकरी जाईल, हे समजून टाकलं. तू निघून ये. हैदराबादची मोटार इथं चार वाजता पोचते. शंकरप्पा म्हणतो, उतरवून घ्यायला तोच स्टँडवर येणार. त्याच्या मनात काय आहे ते मला ठाऊक नाही आणि मी विचारलं नाही. तो समोर असला तरी तू उतर.

तात्यांची फाटकाशी तू काय गत केलीस ते मी विसरलेले नाही. तरी दार उघडं आहे.

तुझी
आई

*

॥ श्री ॥
उमरगा
ता. १७ मार्च १९५७

सौ. चारुशीला वहिनींना शामलाचा नमस्कार. वि. वि. तुमच्या घरी पत्र लिहिणं मी बंद केलं आहे. हे आमच्या ओळखीचे गृहस्थ समक्ष तुमच्या हाती देतील.

अंबादास डिसेंबराच्या शेवटी आला. मालकांनी त्याला काढलं ते ठाऊक आहेच. शंकरप्पानं मोटारीच्या टपावरून त्याची ट्रंक उतरवून घेतली, डोक्यावर घेऊन घरापर्यंत आणली आणि ओसरीवर ठेवली. अंबादास त्याच्या पाया पडायला वाकला तर तो मागं सरला. त्याच संध्याकाळी नीलम्मानं भांडी आवरली. दोघांनी बाजारापलीकडं एक खोली घेतली. मी पुष्कळ म्हटलं, पण ती म्हणाली, अव्वा, याच्यासंगती एका घरात लेकरं निजवणार न्हाय.

गिरणीचं मला तीन ओळींचं उत्तर आलं. पत्र मिळालं, नवा गोली नेमलेला आहे, संघ उत्तम चालला असल्यानं फेरबदलाचा विचार नाही. शंकरप्पाचं नावसुद्धा त्यात नव्हतं. तो अजून पोतीच उचलतो.

अंबादास वडिलांशी बोलतो, माझ्याशी बोलतो, विचारलं तेवढं. तहसिलीत उमेदवारी करतो. फक्त सोमवारी वाचनालयात जाऊन सोलापूरचं वर्तमानपत्र बघतो. परवा आला तो म्हणाला, मामांचा संघ पाच सामने सलग जिंकला. डाव्या बॅकवर परंड्याकडचा कुणी बब्रुवान नावाचा नवा पोरगा घेतलाय, त्याचं फार कौतुक छापलंय. मी म्हटलं चांगलं झालं. तर म्हणाला, आई, पाच सामने सलग. मामांना त्याचं काहीतरी सापडलंय.

वहिनी, तुम्हाला एकच काम सांगते. दादांनी मना केलं असेल, तरी करा. त्या बब्रुवानाच्या आईचं नाव आणि गाव तेवढं शोधून कळवा. तिला लिहिता-वाचता येत नसेल तर मी स्वतः परंड्याला जाईन. तिनं दादांना अजून काही कळवलं नसेल तर वेळ आहे.

तुम्ही मला त्या वेळी कळवलंत, म्हणून तुमच्याकडंच मागते. आपल्या दोघींत जे आहे ते राहू द्या.

तुमची
शामला